1 जूनची माणसं

दर वर्षी 31 मेच्या रात्री बाराचा ठोका पडला की मोबाइलवर एक विनोद फिरायला लागतो. ‘आज अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस.’ पाठोपाठ पोट धरून हसणारी चित्रं. कुणी केकचा फोटो टाकतो, कुणी ‘धन्य ते गुरुजी’ म्हणून हात जोडतो. दुपारपर्यंत हाच विनोद मला निदान दहा ठिकाणांहून आलेला असतो. मला तो आवडत नाही, आणि का आवडत नाही ते आज सांगतो.

माझ्या वडिलांची जन्मतारीख 1 जून 1953. ही कागदावरची. आजी सांगायची की अण्णा पोळ्याच्या करीला झाले. आदल्या दिवशी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून तिचे हात लाल झाले होते आणि ते धुवायच्या आत कळा सुरू झाल्या. म्हणजे भाद्रपदाचं तोंड. शाळेच्या दाखल्याने त्यांना तीन महिने आधीच जन्माला घातलं.

हे कसं झालं तेही आजीच सांगायची. 1959 चा जून. पेरणीची घाई, घरात माणूस नाही, आजीने पोराला कडेवरून उतरवून शाळेच्या दारात उभं केलं. गुरुजींनी विचारलं, वय काय? आजी म्हणाली, दुष्काळानंतर पहिला पोळा चांगला झाला, त्या साली. गुरुजींनी मान डोलावली आणि पोराला म्हणाले, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. हात कानाला लागला. सहा वर्षं झाली, असं धरून चालायची ती खूण. मग जनरल रजिस्टरमध्ये टाक चालला: 1 जून. शाळा त्या महिन्यात सुरू व्हायची आणि त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पोराचं वय भरलेलं दिसलं की वरचा साहेब काही विचारत नसे. पोळा लिहिला असता तर अण्णा आणखी एक वर्ष गुरांमागे गेले असते. गुरांमागे गेलेलं पोर पुढच्या वर्षी शाळेत परत येतंच असं नाही, हे गुरुजींना ठाऊक होतं.

म्हणून म्हणतो, ती तारीख खोटी असेल, पण ती लबाडी नव्हती. ज्या घरात कॅलेंडर नव्हतं त्या घरातलं मूल शाळेत घ्यायचं तर कुणीतरी ओणवं होऊन त्याच्यासाठी एक तारीख लिहायला हवी होती. ती गुरुजींनी लिहिली. आज त्यावर हसणाऱ्यांतल्या किती जणांच्या घरात पहिली पदवी, पहिली नोकरी, पहिला पगार त्याच खोट्या तारखेवर आला, याचा हिशेब एकदा घरात बसून करावा.

पुढे अण्णाही प्राथमिक शिक्षक झाले आणि त्यांनीही पहिल्या पाचसात वर्षांत कितीतरी पोरांपुढे 1 जून लिहिला. मी त्यांना विचारलं, दुसरी तारीख का नाही? ते म्हणाले, ‘आईला विचारायचो की. ती सांगायची, भुईमूग काढत होतो. कोणी सांगायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाळण्यात होता. भुईमुगाची तारीख काय लिहिणार? भूकंपवाल्या पोराचं तेवढं बरं होतं, 11 डिसेंबर 1967 आम्हाला पाठ होती, मागे मोजता यायचं.’ मग थांबून म्हणाले, ‘आणि दोन सालांत शंका असली तर मी वय कमी धरायचो. उद्या नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त मिळतील.’ सातवीच्या पुढे जाईल की नाही याची खात्री नसलेल्या पोराच्या निवृत्तीचा विचार पहिलीच्या वर्गात करणारा माणूस मला तरी हसण्याचा विषय वाटत नाही.

स्वतः अण्णांना त्या तारखेची किंमत मोजावी लागली. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. म्हणून राज्यभर 31 मेला निरोपसमारंभांची रांग लागते. पंचायत समितीत, शाळांत, कचेऱ्यांत त्या दिवशी हारांना मागणी, नारळांना मागणी. अण्णा 31 मे 2011 ला घरी आले. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला तर तारीख दुरुस्त करता येते, पण पुरावा काय देणार? पोळा?

आता वर्तमानपत्रातली 1 जूनच्या दिनविशेषाची चौकट बघा. 1 जून 1929 ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी, अशा पाच जणांची. नर्गिसचा जन्मही त्याच तारखेचा, त्याच सालचा. पुढच्याच वर्षी, 1 जून 1930 ला, दख्खनची राणी मुंबई-पुण्याच्या घाटात पहिल्यांदा धावली. पुणे स्टेशनावर दर वर्षी तिचा वाढदिवस होतो, फुलांच्या माळा चढतात, केक कापला जातो. प्रवाशांचं गाडीवर प्रेम आहे आणि ते खरं आहे. फक्त त्या दिवशी एवढंही सांगावं की सुरुवातीला या गाडीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते जून 1955 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोवर तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्याने राणी फलाटावरूनच बघायची होती.

याच तारखेला जागतिक दूध दिवस असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने तो 2001 पासून सुरू केला. फलकावर काचेचा पेला, पांढरीशुभ्र धार, हसरं मूल. आणि 2017 साली याच दिवशी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं हे गाव. गावाने आधी ग्रामसभेत ठरवलं आणि 1 जूनला शहरांकडे जाणारं दूध आणि भाजी थांबवली. टँकरच्या तोट्या उघडल्या गेल्या, रस्त्यावर दूध वाहिलं. शहरात लोक हळहळले, आणि ते साहजिक आहे. अन्न मातीत गेलेलं कुणाला बघवेल? पण ज्याने पहाटे साडेचारला उठून गोठ्यात बसून ती धार काढली त्याला ते सर्वांत कमी बघवत होतं, हे त्या हळहळीत कुणी बोललं नाही. महिन्याच्या आत, 24 जूनला, सरकारने 34,000 कोटींची कर्जमाफी जाहीर केली. दुधाचं दुखणं मात्र जिथल्या तिथे राहिलं.

ते दुखणं बघायचं असेल तर एखाद्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला उभं राहा. मी उभा राहिलो आहे. सायकलींना, मोटरसायकलींना लटकवलेल्या किटल्या, ओळीत ठेवलेले कॅन. बाई कॅन पुढे सरकवते, पोरगा त्यातलं पळीभर दूध यंत्राला लावतो, आणि यंत्रातून बोटभर चिठ्ठी निघते. त्यावर फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, आणि दर. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 ही अंकांची जोडी इथल्या लहान पोरालाही पाठ असते. आकडा तेवढा भरला तर ठरलेला दर, खाली घसरला की पैसे कापले. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की आकडा घसरतोच. बाई चिठ्ठी वाचत नाही. ती पोराच्या तोंडाकडे बघते आणि तिला कळतं. दूध दिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर त्या चिठ्ठीवर किती लिहिलंय ते आधी विचारावं आणि मग द्याव्यात.

1 जूनला आणखी काय काय होतं! हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी पाऊस केरळात पोहोचायची सर्वसाधारण तारीख हीच. कोकणात आणि गोव्यात यांत्रिक नौकांना समुद्र बंद होतो तोही याच दिवशी, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी घरात घ्यायची. माशांच्या विणीचे दिवस, म्हणून ही बंदी हवीच. ज्यांच्या घरात दोन महिने पैसा येत नाही त्यांचं नावही दिनविशेषात हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. या तारखेला जे घडतं त्यातलं बहुतेक पोटाशी निगडित आहे आणि चौकटीत मात्र फक्त नामवंत बसतात.

सर्वांत वर मी एसटीला बसवीन. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात, आणि आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून नुसतं नगर म्हणतात. त्या गाडीआधी माणूस जायचा तो पायी, बैलगाडीने किंवा खासगी मोटरवाल्याच्या मर्जीने. गाडी भरली की निघायची आणि नाही भरली तर नाही. एसटीने गावाला वेळ दिली. आमच्याकडे ‘साताची गाडी’, ‘मुक्कामी गाडी’ हेच घड्याळ होतं. मुक्कामी गाडीचा कंडक्टर देवळात झोपायचा आणि त्याच्या जेवणाचा डबा आळीपाळीने घराघरातून जायचा. पहाटे त्याने घंटी मारली की बायका चुली पेटवायच्या. गावातल्या मुली हायस्कूलला गेल्या त्या या गाडीत बसून. गाडी बंद झाली की पहिल्यांदा शाळा सुटते ती मुलीची. हे मी माझ्या चुलतबहिणीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. रस्ता उखडला, पावसाळ्यात फेरी बंद झाली, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बहिणीचं लग्न ठरलेलं होतं.

आणि आता आत्या. खरं तर हा सगळा लेख तिच्यासाठीच आहे.

आत्या अण्णांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला शाळेत घातलंच नाही. धाकटा भाऊ सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. 1951 च्या जनगणनेत देशात शंभर पुरुषांमागे 27 जणांना लिहिता-वाचता येत होतं आणि शंभर बायकांमागे जेमतेम 9 जणींना. आत्या उरलेल्या 91 जणींतली. आपण ज्या 1 जूनवाल्यांना हसतो त्यांची यादी काढून बघा, त्या वयाच्या बायका त्यात किती कमी सापडतील! खोटी का होईना, तारीख मिळायला शाळेच्या उंबऱ्यापर्यंत कुणीतरी न्यावं लागत होतं. मुलींना कुणी नेलं नाही. त्यांना डोक्यावरून हात घेऊन कान धरायलाही कुणी सांगितलं नाही.

आत्याला पहिली जन्मतारीख मिळाली ती साठीत, आधार कार्डाच्या वेळी. पुरावा नाही म्हटल्यावर तोंडी वय विचारायचं, साल धरायचं आणि पुढे 1 जानेवारी लागायची, अशी ती रीत. समोरच्या माणसाने तिच्याकडे बघून अंदाजाने साल सांगितलं आणि तिने मान हलवली. कार्ड आलं: 1 जानेवारी 1954. ज्या भावाला तिने कडेवर खेळवलं त्याच्याहून कागदावर ती सात महिन्यांनी धाकटी झाली. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते एसटीत. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे. आत्याला वाटलं, आपली पंच्याहत्तरी झाली. तिचा हिशेब पक्का होता. कंडक्टरने कार्ड पाहिलं आणि म्हणाला, आजी, अजून नाही. तो नियमानेच वागला, त्याचं काहीच चुकलं नाही. बायकांना अर्धं तिकीट आहेच, ते त्याने फाडून दिलं. आत्याने कनवटीतून पैसे काढले, आणि घरी आल्यावर मला म्हणाली, ‘पैशाचं काही नाही रे. पण मी खोटं बोलले असं साऱ्या गाडीला वाटलं.’

तेव्हा मी तिला विचारायला बसलो. वही घेऊन. तुझी आई तुझ्या जन्माचं काय सांगायची? म्हणाली, वैशाखातला जन्म, उन्हाने कौलं तडकत होती. गावात एसटी पहिल्यांदा आली तेव्हा मी सव्वा महिन्याची होते. आई मला टोपरं घालून मोटर बघायला घेऊन गेली होती. मोटरीला नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या टाळूला लावलं. बाकी मला काही ठाऊक नाही. मग म्हणाली, ‘वार तेवढा ठाऊक आहे. गुरुवार. आई मला गुरुवारी कधी डोकं धुवू द्यायची नाही. म्हणायची, जन्मवार आहे.’

जन्माची नोंद करणं सक्तीचं करणारा कायदा 1969 सालचा. पण गावोगाव जन्ममृत्यूची नोंदवही त्याआधीही असायची, आणि तिची पानं जिथे टिकली तिथे ती तालुक्याला दप्तरात असतात. चार खेपा झाल्या. दोनदा साहेब नव्हते, एकदा किल्ली नव्हती. चौथ्या वेळी एका कारकुनाने स्वतः माळ्यावर चढून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा खाली काढला, धूळ झटकली आणि म्हणाला, बसा, शोधा सावकाश. पानं कडेने वाळवीने खाल्लेली. काही पानांवर मोडी, काहींवर बाळबोध. गावाचं नाव सापडलं, मग 1950 सापडलं. मी बोट ठेवून एक एक ओळ खाली उतरत गेलो. जन्मलेल्या मुलांच्या पुढे नावं होती, बरीचशी. मुलींच्या पुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द.

आजोबांचं नाव आलं. त्याच्या पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी. आणि तारीख, 11 मे 1950.

बाहेर येऊन वार काढला. गुरुवार.

नक्कल हातात पडायला आणखी तीन आठवडे गेले. आता ती जोडून आधारवरची तारीख बदलायची खटपट सुरू आहे; नाव नसलेली ‘मुलगी’ म्हणजे हीच बाई, हे सिद्ध करायला काय काय कागद लागतील त्याची यादी माझ्या खिशात आहे आणि ती लांब आहे. परवा नक्कल घेऊन आत्याकडे गेलो. तिला वाचता येत नाही, तरी तिने कागद दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे नेला. कुठे आहे मी, म्हणाली. मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. ती बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसली. अण्णा पलीकडे खाटेवर होते. आत्याने त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, ‘आता तरी कागदावर मी याची थोरली ना?’